टायलरचा टाक

॥ एकवीरा आई ॥
तळवली, पोस्ट घणसोली
७ डिसेंबर १९८०

भगवानराव गमरे यांस,

आपली ओळख नाही. मी किसन, कै. शिवा नामा मढवी यांचा मुलगा. वडिलांना जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही त्यांना १९६६ साली लिहिलेलं एक कार्ड मला गेल्या आठवड्यात सापडलं. तुम्ही असाल आणि पत्ता तोच असेल, या भरवशावर हे पत्र टाकतो आहे.

आमची शेतं सिडकोच्या नव्या शहरात गेली. मी इथल्याच एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर आहे. जुनं कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचं घर बांधायला काढलं आहे. कौलं उतरवताना माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत मेंढीच्या पांढऱ्या कातड्याचा एप्रन, फास असलेली जाड दोरी, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, लाल खणाचा वीतभर तुकडा, एक इंग्रजी पुस्तिका आणि तुमचं कार्ड. कार्डावर लिहिलंय, "टायलरसाहेब, तुमच्याशिवाय दार सुनं वाटतं."

वडील मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, टेलर होते असंच आम्ही आजवर समजत आलो. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. विहिरीवर बाया माझ्या आईला, चांगुणाबाईला, चिडवायच्या, "गो चांगुना, तुजा दादला टेलर ना? मंग तुजी चोली घनसोलीच्या शिंप्याकरं कशाला?" आई सांगायची, "त्यो सायबांचं कपडं शिवतो, बायांचं नाय." आता ट्रंकेत बघतो तर सुई नाही, कात्री नाही, मापाची पट्टीही नाही.

माझे चुलते गोटीराम ट्रंकेला हात लावायला तयार नाहीत. म्हणाले, "ह्यो जादूघरचा सामान हाय. तिथं गल्यात दोरी बांधून मानसाला देव सोरायला लावतान." कोटातल्या त्या इमारतीला इकडची जुनी माणसं जादूघर म्हणतात.

वडील तिथे काय करत होते? आणि तिथे जाणाऱ्याला देव सोडावा लागतो का? एवढंच सांगा. तुमचे उपकार होतील.

आपला,
किसन शिवा मढवी


मंडणगड तालुका
२१ डिसेंबर १९८०

किसनराव, जय भीम.

पत्र पोचलं. शिवातात्यांच्या मुलाचं अक्षर तात्यांच्या बोलण्यासारखंच आहे, हळू आणि सरळ.

तात्या टेलर नव्हते, टायलर होते. फ्रीमेसन लोकांच्या सभेला लॉज म्हणतात. सभा चालू असताना बंद दाराबाहेर हातात उघडी तलवार घेऊन जो उभा असतो, तो टायलर. आतल्यांपैकी नसलेला कुणी आत जाऊ नये आणि चोरून ऐकू नये, हे त्याचं काम. तात्यांनी ते अठ्ठावीस वर्षं केलं. त्यांच्यानंतर दहा वर्षं मी केलं.

बाकी विचारू नका. मी शब्द दिलेला आहे. पुस्तिका कुणाला दाखवू नका. ट्रंक बंद करून ठेवा.

भगवान गमरे


॥ एकवीरा आई ॥
तळवली
४ जानेवारी १९८१

भगवानराव यांस किसनचा नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच पुस्तिका दाखवून झाली होती. माझा पुतण्या जयप्रकाश ठाण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्याने चाळली. तो म्हणाला, "काका, टायलर म्हणजे कौलं शाकारणारा." आम्ही शिंपी समजत होतो, जयप्रकाशने कौलं चढवायला लावलं, तुम्ही तलवार दिलीत. एका माणसाचे तीन धंदे झाले. आई हे ऐकून नुसती हसली.

पुस्तिकेत पायऱ्यांविषयी आहे म्हणे. पहिली शिकाऊची, दुसरी साथीची, तिसरी मास्तरची. मी गावच्या शाळेत फायनलपर्यंत शिकलेला माणूस, मला ते इंग्रजी लागत नाही. पण आठ दिवस डोक्यातून जातही नाही. गवंड्यांच्या पायऱ्या वकील-न्यायाधीश कशाला चढत असतील? आणि दोरी कशाला?

तुम्ही विचारू नका म्हणालात, तरी का विचारतो ते सांगतो. आमच्या घराण्यात कर्ता पुरुष गेला की चांदीच्या लहानशा पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घेतात. त्याला टाक म्हणतात. तो देव्हाऱ्यात एकवीरा आईच्या शेजारी बसतो. आजोबांचा, नामा मढवींचा, टाक आहे. वडिलांचा करायचा राहून गेला. येत्या अक्षय तृतीयेला नव्या घरात देव्हारा बसवायचा आहे आणि तेव्हा वडिलांचा टाक बसावा अशी आईची इच्छा आहे. ती सहासष्ट वर्षांची आहे, दुसरं काही मागत नाही.

पण ज्याने गळ्यात दोरी घालून आईला, म्हणजे एकवीरेला, सोडलं, त्याला तिच्याच मांडीशी कसा बसवू? रोज दिवा मी लावतो. तिथे वात कुठल्या तोंडाने लावू? आणि नाही बसवला तर घरातल्या आईला काय सांगू?

टाकांच्या बाबतीत ती आधीच एकदा पोळलेली आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबांचा टाक देव्हाऱ्यातून नाहीसा झाला होता. आजीने आळ आईवर घेतला, की हिने माहेरी पोचवला. आठ दिवस तिला देवाला दिवा लावू दिला नाही. नवव्या दिवशी टाक आपला जागेवर. कुणी नेला, कुणी आणला, कळलं नाही. आजी तिची माफी न मागताच गेली.

तेव्हा शब्द मोडू नका, पण जेवढं सांगता येईल तेवढं सांगा.

किसन


मंडणगड तालुका
२६ जानेवारी १९८१

किसनराव, जय भीम.

तीन आठवडे विचार केला. जे छापून आलेलं आहे ते सांगायला माझी हरकत नाही. आमच्या लॉजचे म्हातारे पारशी सेक्रेटरी होते, त्यांना इतिहासाचं वेड. सभा संपल्यावर चहा पिताना ते तात्यांना आणि मला धरून बसवायचे. "अरे भगवान, पहिले तर दोनच डिग्री होती, तिसरी तर पछी आवी!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डिग्री म्हणजे पायरी, तिसरी मागाहून आली असं त्यांचं म्हणणं.

स्कॉटलंड देशात खरोखरच्या पाथरवट-गवंड्यांच्या वह्या आहेत, पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या. तिथे शिकाऊ आधी बरीच वर्षं दगड घडवायला शिकायचा. मग लॉजच्या वहीत त्याचं नाव दाखल व्हायचं. म्हणून पहिल्या पायरीचं नावच "दाखल झालेला शिकाऊ". म्हणजे काम आधी, नाव नंतर. पुढे आणखी काही वर्षांनी तो साथी व्हायचा. मग कुठेही काम मागायचा हक्क. बस, एवढ्याच दोन. चर्मपत्रावर कुणी दाखला देत नव्हतं, कारण पुष्कळांना वाचता येत नव्हतं. त्याऐवजी एक शब्द द्यायचे. परगावी गेलेल्या गवंड्याने तो सांगितला की ओळख पटली. आणि शब्द एकट्याने पुरा बोलायचा नाही. अर्धा त्याने, अर्धा समोरच्याने.

पुढे दगडाला कधी हात न लावलेली बडी माणसं हौसेने आत आली. अडीचशे वर्षांपूर्वी तिसरी पायरी निघाली. तिच्यात एक कथा आहे. देवळाचा मुख्य कारागीर, त्याला मास्तरचा शब्द ठाऊक. तिघा कामगारांना तो फुकट हवा होता. त्यांनी त्याला तीन दारांवर अडवलं. त्याने दिला नाही, त्यांनी हत्यारांनीच त्याला मारलं. तो गेला तसा शब्दही गेला. मग उरलेल्यांनी दुसरा एक शब्द त्याच्या जागी धरला. म्हणजे बघा, जो आम्ही जिवापाड जपतो तो मूळचा नव्हेच.

दोरीत भुताटकी काही नाही. नवा माणूस आत येतो तो आंधळा, बांधलेला, गरीब. डोळ्यांना पट्टी, गळ्यात सैल दोरी, एक पाय अनवाणी, एका बाजूची छाती उघडी. अंगावर धातू म्हणून ठेवायचा नाही. त्याची ही तयारी टायलर करतो. हायकोर्टाचे वकील, बंदरावरचे साहेब तात्यांपुढे एक बूट काढून उभे राहायचे. तात्या त्यांची अंगठी, घड्याळ काढून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "घाबरू नका साहेब, दोरी सैल बांधलीय." मग दारावर तीन ठोके. विधी झाला की नव्या शिकाऊला सभेच्या ईशान्य कोपऱ्यात उभा करतात, कारण इमारतीचा पहिला दगड तिथे बसतो. तो स्वतःच पहिला दगड.

तात्याही या तिन्ही पायऱ्या चढले होते. टायलरला चढाव्या लागतात.

भगवान


॥ एकवीरा आई ॥
तळवली
१२ फेब्रुवारी १९८१

भगवानकाका, नमस्कार. काका म्हटलं तर चालेल ना?

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा आमच्या गवंड्याला, बंडूला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग मी कितव्या डिगरीचा?" मी म्हटलं, शिकाऊ. रागावला. "पाच वर्सं नुसती वालू चालली मीनी, आन शिकाऊ?" मी म्हटलं, तेच तर, आता तुझं नाव दाखल होणार. तेव्हापासून तो मजुरांना सांगत फिरतो की विलायतेत त्याचं नाव वहीत आहे.

ईशान्य कोपऱ्याचं वाचून मात्र मी कामावरून येऊन तसाच बांधकामावर गेलो. आमचा देव्हारा ईशान्येलाच आहे, काका. जुन्या घरातही तिथेच होता. पायाचा दगडही आम्ही तिथेच पुजला. त्या दगडापाशी बसलो थोडा वेळ. वडील डोळ्यांची पट्टी सुटल्यावर अशाच कोपऱ्यात उभे राहिले असतील. दिशा तीच, समुद्रापलीकडच्या गवंड्यांची आणि आमची. कुणी कुणाची घेतली, कुणास ठाऊक.

हरवलेल्या शब्दाचंही मनात घोळतंय. दुसऱ्याच्या जागी धरलेला शब्दसुद्धा माणसं जपतात. टाक तरी दुसरं काय आहे? माणूस गेला, त्याच्या जागी पत्रा धरला. तरी त्याला आपण आंघोळ घालतो, फूल वाहतो.

इतकं सगळं सांगितलंत, पण मी विचारलेलं तेवढं चुकवलंत. शपथ घेताना वडिलांचा हात कशावर होता? जयप्रकाश म्हणतो, पुस्तिकेप्रमाणे समोर धर्मग्रंथ लागतो. आमच्या घरात ग्रंथ नव्हता. वडिलांना वाचता येत नव्हतं. मग साहेबांच्या पोथीवर हात ठेवला का? गोटीरामकाकांचं म्हणणं हेच. ते रोज विचारतात, "काय रं, आला का जबाब?" ठाण्याचा सोनार म्हणतो, टाक हवा असेल तर गुढीपाडव्यानंतर लगेच सांगा.

वाईट असेल तरी सांगा. अंदाजापेक्षा ते बरं.

किसन


मंडणगड तालुका
३० मार्च १९८१

किसन, जय भीम.

उशीर झाला. आजारी नव्हतो. रोज कागद घ्यायचो आणि ठेवून द्यायचो.

तू पहिल्यांदा टाक हरवल्याची गोष्ट लिहिलीस तेव्हाच मी चरकलो होतो. मला वाटत होतं, तात्यांनी मला सांगितलेलं सगळंच माझ्या शब्दात बांधलेलं आहे. मग एक दिवस उमगलं. माझा शब्द लॉजच्या गुपितांचा आहे. तुझ्या आजोबांचा टाक तुमच्या घरचा. तो लपवायचा मला अधिकार नाही.

लॉजमध्ये ज्याची त्याची पोथी समोर ठेवत. पारशाला पारशांची, मुसलमानाला मुसलमानांची, हिंदूला हिंदूंची. १९३८ साली तात्यांची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरींनी संस्कृत पोथी आणून ठेवली. तात्या म्हणाले, "मला वाचता येत नाही. त्यातून डोळ्यांवर पट्टी. हाताखाली पोथी आहे की हिशेबाची वही, मला काय कळणार? खोटी शपथ होईल." मग सेक्रेटरींनी विचारलं, तुला आंधळ्यानेही ओळखता येईल असं काय आहे? पुढच्या रविवारी तात्या घरी आले आणि जाताना तुझ्या आजोबांचा टाक घेऊन गेले, लाल खणात गुंडाळून.

त्यावर लॉजमध्ये वाद झाला. अंगावर धातू चालत नाही, मग चांदी कशी चालेल? सेक्रेटरी म्हणाले, "अंगावर कुठे आहे? तो तर चौरंगावर आहे." झालं. तात्यांनी टाकावर अंगठा फिरवला. नाक, पागोटं, हातातली काठी. म्हणाले, "हा माझा बाप. शेजारी याची आई एकवीरा असते. तिच्यासमोर बोलतोय असं समजून बोलतो." सेक्रेटरी ही गोष्ट मरेपर्यंत सांगत असत. त्यांच्या पन्नास वर्षांत, ते म्हणत, आपण कशावर हात ठेवलाय हे पट्टीतूनही ओळखणारा एवढा एकच.

तर तुझ्या बापाने देव सोडला नाही. बरोबर नेला.

आता वाईट भाग. पुढच्या रविवारी ते घरी आले आणि टाक जागेवर ठेवला, तेव्हा त्यांना बायकोवरचा आळ कळला. ते बोलले नाहीत. बोलले असते तर कुठे नेला, कशाला नेला, सगळं सांगावं लागलं असतं. नुकताच शब्द दिलेला. ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खात होती. पुढच्या दोन पायऱ्यांना त्यांनी टाक नेला नाही, नुसत्या खणाच्या तुकड्यावर हात ठेवला. म्हणत, "हा चांगुणाच्या चोलीचा आहे. हिच्याइतकं मी कुणाचं देणं लागत नाही."

आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे मीही मोकळा. १९५४ साली मी तिथे हाताखाली लागलो. तेव्हा आमच्या हातचं पाणीही कुणी घेत नसे. तात्यांनी पहिल्या दिवशी डबा उघडून मधे ठेवला. तुझ्या आईच्या हातची तांदळाची भाकर आणि जवळा. बारा वर्षं मी ती खाल्ली. तुमच्या घरी कळलं तर काय होईल म्हणून तात्या गप्प, मीही गप्प. आम्ही गंमत करायचो. शब्द अर्धा अर्धा द्यायचा असतो ना? डबा उघडायच्या आधी तात्या म्हणायचे, "भा." मी म्हणायचो, "कर." मगच झाकण निघायचं.

सांगायचं ते सांगितलं. आता तुझ्या आईला वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

भगवान


॥ एकवीरा आई ॥
तळवली
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, १९८१

भगवानकाका,

उत्तराला महिना लावला, रागावू नका. सगळं पार पडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तुमचं पत्र आईला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. टाकापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला. मी खणाचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो नाकाजवळ नेला, उलटा केला, शिवण पाहिली. म्हणाली, "माज्या लग्नातल्या चोलीची बाही हाय ही. मी म्हनं उंदरानं नेली."

मग जी बोलायला लागली! "आठ दिस मला दिवा लावू दिला नाय सासूनं. येशीतनं जाताना बाया तोंड फिरवायच्या. आन ह्यो रविवारी येऊन समोर बसून जेवला, आन गप!" मी घाबरलो. म्हटलं, आई, मग टाक नको का करायचा? तर माझ्यावरच उखडली. "नको कसा? कर. पन देवाऱ्यात मी ठेवीन, तू नाय."

मी विचारलं, तुला ते टेलर नाहीत हे कधी कळलं होतं का? म्हणाली, "पयल्या वर्साला. त्याला सुईत दोरा ववता येत नव्हता. मी म्हटलं, असंल काय तरी. दारावरचा मानूस आतलं सांगंल, तर त्याला दारावर ठेवंल कोन?"

सोनाराकडे गोटीरामकाकाही आले. सगळं ऐकल्यापासून जादूघराचं नाव काढत नाहीत. सोनाराने विचारलं, मूर्तीच्या हातात काय दाखवू? मी म्हटलं, तलवार. तो म्हणाला, "तुमचे काका तर मागे टेलर म्हणाले होते. कात्री काढू की." काकांनीच त्याला गप्प केलं, "तलवार म्हटली ना? तलवार काड. आन जरा मोठी काड."

काल देव्हारा बसला, ईशान्येला. एकवीरा आई, तिच्या उजवीकडे आजोबा. आईने वडिलांचा टाक धुतला, पुसला, त्यावर अंगठा फिरवला. त्याच खणावर ठेवला. आणि ठेवला तो भिंतीकडे तोंड करून. भटजी म्हणाले, उलटा झाला. आई म्हणाली, "उलटाच ठेवलाय. आठ दिस ऱ्हाऊ दे तसाच. मग फिरवीन." भटजी पुढच्या मंत्राला लागले. मी दिवा लावला. काका, हसूच येत होतं, आणि डोळेही भरत होते.

आता तुमच्याविषयी. भाकरीचं वाचल्यावर आईने तांदूळ बाजूला सारले. म्हणाली, "धनी रविवारी म्हनायचा, दोन जास्त कर. मला वाटं, याला भूक लई." थोड्या वेळाने म्हणाली, "जवला खारट व्हायचा का, ते इचार त्याला."

आठव्या दिवशी ती टाक फिरवणार आहे. तेव्हा तुम्ही असायला हवे असं तिचं म्हणणं. पनवेलला उतरा, मी घ्यायला येतो. दारावर तीन ठोके द्या, पण बाहेर उभं राहायचं नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं दाराबाहेर उभं राहिलात तेवढं पुरे झालं, आमच्याकडे आत, पाटावर बसायचं, आणि तिच्यासमोर जेवायचं.

तुम्ही येणार की नाही हे तिला आधी कळायला हवंय. म्हणून तिने तिचं अक्षर लिहून पाठवायला सांगितलंय. ते असं:

भा

किसन


पोस्टकार्ड
मंडणगड तालुका

सौ. नव्हे, श्रीमती चांगुणावहिनी मढवी यांस,

कर.

भगवान